मोठ्या बाईंची वळलेली बोटं

मोठ्या बाईंना माणसांची किळस फार लवकर यायची. घाणीची येत नसे. शाळेतल्या पोरींच्या केसांतल्या उवा त्या स्वतः काढत बसायच्या. पण कुणी गोड गोड खोटं बोलू लागलं की नासलेल्या दुधाचा वास आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. "घाण," एवढंच म्हणायच्या आणि उठून जायच्या. लोहाऱ्याच्या बाजूच्या एका गावात त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची नवी शिक्षिका.

बाई बौद्ध घरातल्या. गाव त्यांना मान द्यायचं, पण कसा? शाळेत "बाई, बाई" करणारी माणसं त्यांच्या घरी गेली की उंबऱ्याबाहेरच थांबायची आणि भर उन्हाळ्यातही तहान नाही म्हणायची. बाई तरीही प्रत्येकाला पाणी विचारायच्या. नाही म्हणताना समोरच्याचं तोंड कसं होतं ते त्यांना बघायचं असे.

त्यांचं दुखणं बरीच वर्षं कुणाला कळलं नाही. हाडं ठणकायची, सारखी तहान लागायची, मूतखडे तर पुन्हा पुन्हा व्हायचे. गाव म्हणालं, भानामती. शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गळ्यातल्या चार बारीकशा ग्रंथींपैकी एक माजली आहे, ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतते आहे, असं सांगितलं. मुंबईला ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली. परत आल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं की खरी काळजी आता सुरू होते. हाडं उपाशी आहेत, मिळेल ते कॅल्शियम ती ओढून घेणार. उरलेल्या ग्रंथी अजून झोपलेल्या आहेत. त्या जाग्या होईपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या आणि रक्त तपासत राहायचं.

पुढच्या तपासणीचा कागद बाईंनी गावातल्या डॉक्टरांना दाखवला. कॅल्शियम बरोबर आलं होतं. ते हसून म्हणाले, आता कशाला गोळ्या, तुम्ही ठणठणीत आहात. ते प्रमाण गोळ्यांमुळेच टिकलं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. बाईंनी गोळ्या बंद केल्या.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि त्यातच गावात दूध संस्थेच्या शीतकेंद्राचं, म्हणजे दूध थंड ठेवायच्या केंद्राचं, उद्घाटन होतं. जनावरं चारा छावणीत, विहिरी कोरड्या, आणि मांडवात पाहुण्यांसाठी बासुंदीची पातेली. बाईंना मंचावर बसवलं होतं. संस्थेच्या चेअरमनचं भाषण चालू असताना त्या माझ्या कानात म्हणाल्या, ओठांना मुंग्या येताहेत. थोड्याच वेळात त्यांची मनगटं आत वळली, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठे तळहातात गेले. त्या खुर्चीवरून खाली घसरल्या.

"बाईच्या अंगात आलं," मागून कुणीतरी म्हणालं.

कुणी लिंबू आणलं, कुणी हळद-कुंकू. चेअरमननं भाषण सोडून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि पाऊस कधी पडेल म्हणून विचारलं. ज्यांनी त्यांच्या घरी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता, ती माणसं रांग लावून पाया पडत होती. हा आजार आहे, दवाखान्यात न्या, असं मी सांगत होते. एका म्हातारीनं मला मागं ओढलं. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. सगळं ऐकत होत्या. दातखीळ बसल्यामुळे त्यांना बोलता मात्र येत नव्हतं.

दुधाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं माझं ऐकलं. आम्ही त्यांना उमरग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं आणि बोटं एकेक करून उघडली. दातखीळ सुटताच बाई म्हणाल्या, "पाया पडलेल्यांनी आता घरी जाऊन आंघोळ केली असेल."

पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आम्ही एसटीनं तपासणीला जात राहिलो. त्या ग्रंथींतून निघणारं हार्मोन तपासायला रक्त बर्फात घालून मुंबईला जायचं. हार्मोनचं प्रमाण हळूहळू जागेवर आलं, तशा डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या.

गावात मात्र बाईंची देवी झाली होती. मंगळवारी बायका नारळ घेऊन दारात यायच्या. बाई त्यांना गोळ्यांची बाटली दाखवायच्या, ग्रंथी समजावून सांगायच्या. बायका हात जोडून ऐकायच्या आणि शेवटी अंगारा मागायच्या. बाईंनी मग मंगळवारी दार लावून घ्यायला सुरुवात केली.

एका मंगळवारी दार उघडंच राहिलं. एक आई बाळंतीण लेकीला धरून आली. पोरीची बोटं अगदी तशीच वळलेली होती. बाईंनी पायात चप्पल घातली आणि त्या दोघींना घेऊन उमरगा गाठलं. दूध पाजून पोरीचं कॅल्शियम उतरलं होतं. ती बरी झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पुन्हा तपासणीला बोलावलं.

आठवड्यानं मायलेकी खण-नारळ घेऊन आल्या. गोळ्या घेतेस का, असं बाईंनी विचारलं. आई म्हणाली, "तुमी हात लावला, आता गोळ्या कशाला? लई कडक हायेत, दूध आटंल म्हनत्यात." तपासणीला जायचंही त्यांनी रद्द केलं होतं. बाईंनी पुन्हा सगळं समजावलं. आई हात जोडून मान हलवत राहिली. ते हलणं मला ओळखीचं झालं होतं. त्याचा अर्थ ऐकणार नाही असाच असायचा.

मग बाईंनी तो नारळ घेतला. आवाज खाली नेऊन म्हणाल्या, "गोळी चुकली, नाहीतर तपासणी चुकली, तर माझा कोप होईल."

आईनं जमिनीला डोकं टेकलं. तपासणीला नक्की जाऊ, म्हणाली.

त्या गेल्यावर बाई मोरीत जाऊन ओकल्या. मी पाणी घेऊन गेले. "अशी घाण आजवर माझ्या तोंडातून निघाली नव्हती," त्या म्हणाल्या. महिन्याभरात त्यांनी बदली मागून घेतली आणि त्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वाशीला गेल्या.

ती पोर पुढं मला उमरग्याच्या स्टँडवर भेटायची. मूल कडेवर, हातात दवाखान्याचा कागद. एकही तपासणी चुकवली नाही, असं सांगायची आणि वाशीची दिशा विचारून तिकडं तोंड करून हात जोडायची.