दिवेलागणीची दुर्बीण

माझा मामा निंबा शाहपूरचा. हट्टी म्हणजे किती, तर बैल मागे सरेल पण हा सरणार नाही. गावात रायफलीचा परवाना त्याच्या एकट्याकडे होता, तोही पीक राखण्यासाठी. केळीत रानडुकरं शिरली की लोक त्यालाच हाक मारत. पण १९४९ च्या जानेवारीत, एका संध्याकाळी, त्याने डुक्कर समजून कडूवर गोळी झाडली. त्या दिवसापासून रायफल खुंटीला टांगली ती टांगलीच.

कडू म्हणजे त्याचा बालपणीचा मित्र, दोघांच्या शेताचा बांध एक. त्या दिवशी तो केळीला पाणी देत होता. थंडीत आमच्याकडे काळ्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतात, आणि पाण्याची दारं धरणारा माणूस पाटावर कमरेत वाकून चिखल ओढत राहतो. उजेड उतरला की लांबून असा माणूस हुबेहूब डुक्कर दिसतो. त्यात मामाच्या रायफलीवरची जुनी दुर्बीण आतून बुरशीने धुरकटलेली. गोळी मांडीत गेली. कडू वाचला, पण पाय कायमचा ताठ झाला. पोलिसांना त्याने सांगितलं, "माह्या दोस्तानं नही मारलं साहेब, ह्या घोंगडीनं मारलं." प्रकरण मिटलं. मामाच्या मनातून मात्र ते मिटलं नाही. त्याचं जेवण तुटलं, आणि कडू समोरून आला की हा मान खाली घालायचा.

पुढच्या हिवाळ्यात डुकरांनी कहर केला. अख्ख्या बागा उकरून ठेवल्या. शेवटी कडूच लंगडत मामाच्या दारात आला.

"उतरव ते बंदूक."

"नही. दिवेलागणीले मानूस कोनता अन् जनावर कोनतं, हे काचीतून साफ दिसन, तवाच हात लावीन."

"मंग तशी काच आन ना!"

दुसऱ्या दिवशी मामा बुऱ्हाणपूरला माझ्या दारात हजर. मी तेव्हा तिथे शाळामास्तर होतो आणि सिंधीपुऱ्यात राहत होतो. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती, आणि कुठल्याशा लहान संस्थानाच्या शिकारखान्यातलं सामान आमच्या गल्लीतल्या लीलाधरशेठकडे विकायला आलं होतं. त्यात रायफलीच्या तीन दुर्बिणी होत्या.

शेठने आम्हाला भर दुपारी गच्चीवर नेलं आणि सगळ्यात चकचकीत, लांबलचक दुर्बीण मामाच्या हातात दिली. "देखो निंबाजी, एकदम जर्मन माल. मशिदीच्या मिनारावरची कबुतरं मोजा." मामाने बघितलं आणि माझ्याकडे दिली. मी कबुतरंच काय, त्यांच्या चोचीही बघितल्या आणि म्हणालो, "मामा, हीच घ्या."

"मास्तर, डुकरं दुपारी येतात का रे?"

मी दुर्बीण शेठच्या हातात परत दिली. शिकलेल्या माणसाला असं अडवण्यात मामाला फार सुख होतं. माझ्या शब्दावर शेठने तिन्ही दुर्बिणी आठ दिवसांसाठी दिल्या. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं केलं.

शाहपूरला मामाने त्या दुर्बिणींचा छळ मांडला. माठाखालच्या ओल्या वाळूत त्या रात्रभर गार ठेवल्या आणि सकाळी एकदम उन्हात मांडल्या. एकीच्या काचेला आतून घाम आला. ती बाद. गोदामामी वैतागून म्हणाली, "सून पाह्यताना इतकं पाह्यलं नही यानं!"

राहिल्या दोन. एक ती चकचकीत जर्मन, दुसरी ओबडधोबड, नळीवर ओरखडे पडलेली. ती समोरचं कमी मोठं दाखवायची, पण तिची पुढची काच चांगली रुंद होती, उजेड जास्त आत घेणारी. आता दिवेलागणीची परीक्षा. दीडशे पावलांवर कोणीतरी घोंगडी घेऊन वाकून चालायला हवं होतं. मी तयार झालो, तर कडूने मला बाजूला सारलं. "ज्याले लागली, तोच चालीन."

मामाने आधी रायफल घरातून हलवून पाटलाकडे ठेवायला लावली. दुर्बीण नुसती हातात. सूर्य तापीपलीकडे गेला, केळीची पानं काळी पडली. मामाने जर्मन दुर्बीण डोळ्याला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "डुक्कर."

मामाने दुर्बीण खाली ठेवली. "मास्तर, पुन्यांदा मारलं मी त्याले," तो म्हणाला. मी म्हटलं, उद्या बघू. तर माझ्यावरच खेकसला, "उद्या काहून? दुसरी दे!"

ओरखड्यांची दुर्बीण त्याने हळूच लावली. उजेड आणखी कमी झाला होता. मामाचा श्वास मला ऐकू येत होता.

"कडू हाये. उजवा पाय ओढते. खोळीतून कान बाहीर आला त्याचा." मग तो ओरडला, "कान झाक रे, थंडी लागन!" आणि मोठा माणूस लहान मुलासारखा रडला.

तरी एवढ्यावर भागलं नाही. दुर्बीण रायफलीवर चढवून बांधाला चुन्याचा ठिपका काढला, पाच गोळ्या मारल्या. मग दुर्बीण हलते का ते बघायला रायफल बैलगाडीत टाकून दगडाधोंड्यांच्या वाटेने बुऱ्हाणपूरपर्यंत नेऊन परत आणली आणि पुन्हा पाच मारल्या. सगळ्या चार बोटांच्या जागेत. तेव्हा कुठे मामाने मान डोलावली, आणि मी उरलेल्या दोन शेठला परत केल्या.

त्या हिवाळ्यात मामाने एकामागून एक डुकरं पाडली. गाव खूश. पण माघातल्या एका संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं. मी सुट्टीत तिथेच होतो. कडूच्याच केळीत काहीतरी काळं हललं. मामाने नेम धरला. आम्ही दोघं त्याच्या मागे.

"डुक्करच हाये, मार," कडू कुजबुजला.

मामा बघत राहिला. काळं पुढे सरकलं. मीही म्हणालो, "मामा, मारा ना!"

"दिसत नही." त्याने रायफल खाली घेतली आणि काडतूस काढून खिशात टाकलं. "जे दिसत नही, ते मानूसच."

आम्ही ओरडाआरडा केला, डबे वाजवले, पण आत जायची कोणाची छाती झाली नाही.

सकाळी गेलो. चिखलात सगळीकडे डुकरांच्या खुरांचे ठसे. कडूची साठ-सत्तर झाडं कंदासकट उलटी पडली होती. ऐन घड लागायच्या वेळी. मामा बांधावर उभा राहिला, एक पाऊलही पुढे टाकेना.

"कडू, डुक्करच व्हतं," तो म्हणाला.

कडूने ताठ पाय बाजूला टाकत चिखलातच बैठक मारली. एक उपटलेला कंद हातात घेऊन माती झटकली आणि मामाकडे बघितलं.

"बरं केलं, नही मारलं ते," तो म्हणाला. "ये, धर हे. लावू पुन्हा."