शब्द माझे, सही कुसुमबाईंची

कुसुमबाई गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. हिंगणघाटला मुलाकडे सकाळचा चहा घेत होतो आणि गावाच्या ग्रुपवर फुलांच्या चौकटीत त्यांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आरोग्यदूत कुसुमबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. टाकणारा आमचा उपसरपंच. याच माणसानं भर ग्रामसभेत उभं राहून, या बाईला आरोग्य समितीतून काढा, असं सांगितलं होतं. त्याच्या खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले, पाठवले... आणि चहा तसाच ठेवून उठलो. त्याला आता सहा आठवडे झाले. तिथं जे लिहायला हवं होतं, ते इथं लिहितो आहे.

वेणा नदीकाठच्या त्या गावात मी बावीस वर्षं शिक्षक होतो. गावची आरोग्य समिती नव्यानं बसली तेव्हा कागदपत्रांचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. गावच्याच माणसांनी उपकेंद्रावर लक्ष ठेवायचं, काय मिळतं आणि काय मिळत नाही ते दर महिन्याला एकत्र बसून ठरवायचं आणि वरच्यांना जाब विचारायचा, अशी ती कल्पना. बौद्धपुऱ्यातल्या बायकांनी कुसुमबाईंचं नाव सुचवलं. त्या मजुरीला जायच्या, सही तेवढी यायची. पहिल्या दोन सभांना सतरंजीच्या कडेला गप्प बसल्या. तिसऱ्या सभेत मी रजिस्टर वाचून दाखवत होतो, तेव्हा मधेच म्हणाल्या, "गोळ्या आल्या म्हनता गुरुजी, त मंग डबा रिकामा काऊन हाये?" त्या सकाळीच उपकेंद्रात जाऊन डबा बघून आल्या होत्या. त्या दिवसापासून समिती खऱ्या अर्थानं सुरू झाली, असं मी मानतो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या सुनेला भर दुपारी कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूप होतं. आमच्या सिस्टर एकट्याच तीन गावं सांभाळायच्या. त्या दिवशी त्या दुसऱ्या गावात लसीकरणाला गेल्या होत्या. दुसऱ्या सिस्टरची जागा कित्येक वर्षं रिकामी. जीप मिळेपर्यंत वेळ गेला, बाळंतपण वाटेत झालं. मूल वाचलं नाही.

आठवड्याभरानं कुसुमबाई माझ्या ओसरीवर आल्या. तालुक्याला जनसुनवाई होणार होती. गावोगावचे लोक अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडणार होते. आमच्या आरोग्य केंद्राचे तरुण डॉक्टर समितीच्या सभेत येऊन सांगून गेले होते, "बिनधास्त लिहून द्या. मी तुमच्या पाठीशी आहे." कुसुमबाई म्हणाल्या, "गुरुजी, सिस्टर एकटी हाये. तीन गावं तिच्या आंगावर. तिचा कसूर नाई. दुसरी सिस्टर द्या, इतकंच लिवा."

मी लिहायला बसलो आणि मला तो अर्ज मिळमिळीत वाटला. इतकी वर्षं सरकारी कागद लिहिलेला माणूस मी. कोणाच्या तरी नावानं बोट दाखवल्याशिवाय फाईल हलत नाही, हे मला ठाऊक होतं. निदान तसा माझा समज होता. मी लिहिलं, 'संबंधित परिचारिका वारंवार गैरहजर असल्याने अर्जदाराच्या नातवाचा मृत्यू ओढवला आहे.' दुसऱ्या सिस्टरची मागणी शेवटच्या ओळीत आली. कुसुमबाईंनी विचारलं, "बराबर लिवलं ना?" मी हो म्हणालो. वाचून मात्र दाखवलं नाही... त्यांनी वाकून, एकेक अक्षर जुळवत सही केली.

जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी तो अर्ज माईकवरून मोठ्यानं वाचला. 'वारंवार गैरहजर' हे शब्द आले तसं कुसुमबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कोणी आपलं नाव चुकीचं घेतल्यावर माणूस जसं बघतो, तसं. त्या उठल्या, "साहेब, तसं नाई..." म्हणू लागल्या, पण साहेबांनी हातानंच थांबवलं. "तक्रार गंभीर आहे, कारवाई होईल." पाठीशी असलेले डॉक्टर व्यासपीठावरच बसले होते. सिस्टर एकट्या आहेत हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? ते समोरच्या कागदाकडे बघत राहिले. आणि मी खुर्चीतून उठलो नाही.

परतीच्या गाडीत त्या एवढंच बोलल्या, "सिस्टर एकटी हाये म्हनलं होतं मी, गुरुजी."

"तसं लिहिल्याशिवाय कोणी हलत नाही, कुसुमबाई."

"हललं ना मंग," त्या म्हणाल्या. "माह्याच सहीनं हललं."

कारवाई खरंच झाली. पंधरा दिवसांत सिस्टरची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली आणि तक्रार निकाली निघाली. त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. आधी उपकेंद्राला कधीमधी कुलूप असायचं, आता ते रोजचं झालं. बीपीच्या गोळ्यांसाठी म्हाताऱ्यांना एसटीनं जावं लागू लागलं. ग्रामसभेत लोक चवताळून उठले. समितीच्या सभांना माना डोलावणारे, "बोला कुसुमबाई, आमी हाओत" म्हणणारे, तेच लोक. उपसरपंच ओरडला, "होती ती सिस्टर बी घालवली! कोनं लिवलं हे?"

मी दुसऱ्या रांगेत होतो. कुसुमबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सही माही हाये," त्या म्हणाल्या. त्यांना समितीतून काढलं. मी समितीतच राहिलो. त्या सभेचं इतिवृत्तही मीच लिहिलं.

मला बरेच दिवस वाटत राहिलं की आम्हा दोघांना डॉक्टरांनी दगा दिला, साहेबांनी दिला, गावानं दिला. ते खोटंही नाही. डॉक्टरांचा राग मला आजही येतो. पण त्या रागाच्या आडोशाला मी किती आरामात राहिलो, हे कुसुमबाई गेल्यावर कळतंय. दगा सगळ्यांनी दिला. पण त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, तो एकट्या माझ्यावर.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एक ओळसुद्धा लिहून घेतली नाही. पन्नाशीच्या बाई दुपारी अंगणवाडीत जाऊन सेविकेकडून बाराखडी शिकल्या. सिस्टरची माफी मागायला दोन गाड्या बदलून गेल्या. स्वतःच्या हातानं अर्ज लिहीत राहिल्या. वर्षभरानं गावाला सिस्टर मिळाल्या, एकच. दुसरी जागा अजून रिकामी आहे. मी तोवर निवृत्त होऊन हिंगणघाटला आलो होतो. कधी बाजारात भेटल्या तर गुडघ्यांची चौकशी करायच्या, "घरी येजा" म्हणायच्या. मी गेलो नाही.

त्या गेल्यावर पंधरवड्यानं गेलो. सुनेनं समोरच्या खोलीत बसवलं. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठाली, वाकडी अक्षरं होती. अडीअडचणीला लागणारे फोन नंबर. रुग्णवाहिका, आशाताई, जीपवाला, नव्या सिस्टर... आणि बदलून गेलेल्या त्या जुन्या सिस्टरही. "आयनं सवता लिवलं," सून म्हणाली. "अजून बाया येतात, पाहून फोन लावतात." तेवढ्यात एक बाई आलीच. चप्पल दारात काढून ती भिंतीसमोर उभी राहिली, बोट ठेवून एकेक आकडा दाबू लागली.

मी यादी वरून खाली वाचली, मग पुन्हा खालून वर. माझा नंबर त्यात नव्हता.