पाचव्या दारातल्या आजीचे सूप

आधी चहा संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना हसू येते, आणि गरम चहा नाकात गेला की त्याचा दोष पुन्हा माझ्यावर यायचा.

तुम्हांला ठाऊकच आहे, तीस वर्षे मी मंडला-डिंडोरीच्या गावांतून लोककथा गोळा केल्या. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी मी एक नियम शिकवीत असे: माहिती देणाऱ्याच्या तोंडी आपले उत्तर घालू नये. 'तुमच्या विहिरीत जलपरी राहते ना?' असे विचारले की समोरचा भला माणूस हो म्हणतो. लांबून आलेल्या पाहुण्याला नाराज कशाला करायचे? मग ती जलपरी वहीत जाते, वहीतून ग्रंथात जाते, आणि विहिरीत मात्र कधीच नसते.

हा नियम मी मोडला. कोणा गावकऱ्याशी बोलताना नव्हे, एका संगणकाशी बोलताना.

झाले असे. माझा मेहुणा प्रकाश संरक्षण कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून यंदा पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्त झाला. त्याच्या लहानपणी इथल्या सिविल लाइंस भागात एका सिनेमागृहाशेजारी गुप्ताजींचे व्हिडिओ गेमचे दुकान होते. बाकीच्या यंत्रांवर ठिपके आणि चौकटी पळत. एका परदेशी यंत्रावर मात्र चक्क हाताने चितारलेला कार्टूनपट चाले. एक शिपाई सात दारांच्या किल्ल्यात शिरतो. नेमक्या क्षणी यंत्राची दांडी नेमक्या दिशेला ढकलली तर चित्रपट पुढे सरकतो. चुकली तर शिपाई मरतो आणि खेळ पुन्हा पहिल्या दारापासून.

प्रकाशचा शिपाई पाचव्या दारात मरत असे. नेहमी. त्या अंधाऱ्या दाराच्या उंबरठ्यावर एक म्हातारी बसलेली असे. तिच्यापुढे तीनदा दांडी हलवायची आणि दिशा दर खेळाला निराळी. बाकीची मुले सातव्या दारापर्यंत जात. दुकानात प्रकाशचे नाव 'पाँच नंबर' पडले, आणि गुप्ताजी घमापुरात भेटले की आजही त्याच नावाने हाक मारतात. माणसाला पंचावन्नाव्या वर्षी काय बोचत असते, यावर कोणी संशोधन केलेले नाही. करायला हवे.

यंत्र केव्हाच भंगारात गेले. पण गुप्ताजींकडे त्या संपूर्ण चित्रपटाची एक जुनी कॅसेट निघाली. प्रकाशने ती संगणकावर उतरवली, तिचे तुकडे केले, ते दांडीला जोडले, आणि खेळ पुन्हा उभा केला. चित्र मात्र धुरकट होते, ओल्या काचेतून पाहावे तसे. म्हणून त्याने एआयचा एक प्रोग्राम घेतला. हा प्रोग्राम चित्र मोठे करतो, आणि जे स्पष्ट दिसत नाही ते अंदाजाने रंगवतो. 'अंदाजाने' हा शब्द प्रकाशने दोनदा उच्चारला होता. मी तो बहुधा एकदाही ऐकला नाही.

महिनाभर खपून त्याने सहा दारे लख्ख केली. मग एका सकाळी संगणक उचलून आमच्या चेरीतालच्या घरी आला.

"भाऊजी, पाचवं दार तुम्ही करून द्या."

"मी? मला यातले काय कळते?"

"काही कळायची गरज नाही. क्लिप टाकायची, बटन दाबायचं. मी केलं तर मला आधीच दिसून जाईन ना ते. वाढदिवसाला सगळ्यांसमोर खेळणार आहो मी, गुप्ताजीला बोलावलं आहे. फसवाफसवी करून नाही जिंकायचं मला."

"बरे."

"हा खाली एक डब्बा आहे लिहायचा. तो रिकामा ठेवा. आणि ही पट्टी आहे, कल्पकतेची. ती वर नका करू." मग अत्यंत विश्वासाने म्हणाला, "तुमच्यासारखा तटस्थ माणूस आपल्या खानदानात नाही, भाऊजी."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेले नाही.

मी मूळ क्लिप लावली. अंधार, उंबरठा, म्हातारी. तिच्या मांडीपाशी काहीतरी गोल, फिकट, आणि त्यावर बारीक रेषांची जाळी. आणि ते हलत होते! संथपणे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही सांगा, उंबरठ्यावर बसलेली म्हातारी, हातात रेषारेषांची वस्तू, आणि ती वस्तू लयीत हलते आहे. माझ्या जागी तुम्हांला काय सुचले असते?

सूप. ती पाखडत होती.

नवजात बाळाला आपण सुपात ठेवतो. इकडे दिवाळीच्या पहाटे सूप वाजवून दारिद्र्य घराबाहेर काढतात. सार आत ठेवणारे आणि फोलपट बाहेर टाकणारे साधन, आणि तेही उंबरठ्यावर, आत-बाहेरच्या नेमक्या सीमेवर. हा दृश्यबंध एका परदेशी कार्टूनात पोहोचला कसा? शास्त्रशुद्ध पद्धतीने चालावे म्हणून मी वही काढली आणि आधी दोन साक्षी नोंदवल्या.

प्रकाशला फोन केला. "म्हातारीच्या हातात काय होते?"

"आरसा असन. चमकत फिरत राहायचं काहीतरी. मी ते बघूनच दांडी हलवायचो, ते डावीकडे गेलं की डावीकडे. का हो, दिसलं काय? नका सांगू, नका सांगू मला." फोन बंद.

मग पत्नीला हाक मारली. सुधा म्हणजे प्रकाशची मोठी बहीण, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक अंकाची संपादक. ती हात पुसत आली, धुरकट क्लिप एकदाच पाहिली.

"हातात? काही नाही हातात. बोट दाखवून राहिली ते म्हातारी."

"आणि हे हलणारे?"

"ते काहून तिचं असन? ते तर तिच्या समोर आहे. चलो, पोळ्या राहिल्या माझ्या."

मी वहीत लिहिले: 'माहितीदार क्र. २. निरीक्षण वरवरचे. विश्वासार्ह नाही.'

नंतर बटण दाबले. डबा रिकामा, पट्टी खाली, अगदी सांगितल्याप्रमाणे. यंत्राने मला तोच धुरकट गोल दिला, फक्त जास्त स्वच्छ धुरकट. आता माझ्यासारख्याने काय करावे? माझ्यापुढे एक माहितीदार बसला होता आणि तो तोंड उघडत नव्हता. मी त्याच्या डब्यात एक साधा, विनम्र प्रश्न लिहिला: 'वृद्धेच्या हातात सूप आहे काय?' आणि त्याला बोलते करण्यासाठी पट्टी जराशी वर सरकवली.

थोड्या वेळाने चित्र आले. हातात सूप होते.

मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली. पुन्हा बसलो. 'सूप बांबूच्या कामट्यांचे आहे काय?' होते. 'कडेला लाल दोऱ्याची बांधणी आहे काय?' होती! डिंडोरीच्या बाजारात जशी पाहिली होती हुबेहूब तशी. तीन स्वतंत्र प्रश्न, तीन होकार, एकही विसंगती नाही. क्षेत्रकार्यात इतका निःसंदिग्ध माहितीदार मला आयुष्यात भेटला नव्हता. तिथेच शंका यायला हवी होती. पण आनंदात असलेल्या संशोधकाला शंका येत नाही, हे मी इतरांच्या बाबतीत कितीदा लिहिले आहे.

ती क्लिप मी प्रकाशच्या खेळात बसवून दिली. चार दिवसांत 'उंबरठ्यावरील वृद्धा आणि सूप: एका दृश्यबंधाचा प्रवास' हा चौदा पानांचा लेख लिहून सुधाच्या टेबलावर ठेवला. तिने वजन करावे तसा तो हातात धरला आणि म्हणाली, "बघते."

वाढदिवसाला प्रकाशच्या घरी पंधरा-वीस माणसे, दोन प्रकारचा चिवडा, भिंतीवर मोठा टीव्ही. गुप्ताजी पुढच्या खुर्चीत. पांढरे केस, शांत डोळे, मांडीवर बशी.

"चलो पाँच नंबर, दिखाओ," ते म्हणाले.

प्रकाशने दांडी हातात घेतली. पहिले दार, दुसरे, तिसरे, चौथे. माणूस पंचावन्नचा, पण बोटे दहावीतली. पाचवे दार उघडले आणि खोलीतून एक 'वा' निघाला. कारण चित्र खरोखरच देखणे होते. म्हातारी, तिच्या मांडीवर मोठे थोरले सूप, लाल कडेचे. ते डौलात हलत होते. मी शेजाऱ्याला हळूच म्हणालो, "पाहिलेत? पाखडते आहे."

सूप उजवीकडे गेले, प्रकाशने दांडी उजवीकडे ढकलली. शिपाई मेला.

दुसऱ्यांदा. मेला. तिसऱ्यांदा प्रकाशच्या कपाळावर घाम होता. मेला. प्रकाशने दांडी मांडीवर ठेवली आणि नुसता तिच्याकडे पाहत बसला. मला वाटले, पंधरा वर्षांचा मुलगा असाच घरी परत जात असेल.

"ये सूपा कहाँ से आ गया?" गुप्ताजींनी विचारले.

मी पुढे झालो. झालो, काय करता. सीमारेषा, नवजात बाळ, दिवाळीची पहाट, सगळे सांगितले. गुप्ताजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"नहीं प्रोफेसर साब। सूपा नहीं था।"

प्रकाश वळला. "भाऊजी, डब्ब्यात काही लिहिलं होतं काय तुम्ही?"

"लिहिले नाही. विचारले."

त्या प्रोग्राममध्ये प्रत्येक क्लिपसोबत डब्यातला मजकूर जपून ठेवलेला असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. प्रकाशने तो मोठ्या टीव्हीवर उघडला आणि सर्वांना वाचून दाखवला. वृद्धेच्या हातात सूप आहे काय. कामट्यांचे आहे काय. लाल दोरा आहे काय. माझे शुद्ध मराठी इतके हास्यास्पद मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

"भाऊजी, त्याला विचारल्याचं समजत नाही. त्याला फक्त सांगितल्याचं समजते. हे बघा." त्याने लिहिले: 'वृद्धेच्या हातात कढई आहे काय?' कढई आली. 'वृद्धेच्या हातात प्रोफेसर आहे काय?'

आला. म्हातारीच्या मांडीवर एक इवलासा चष्मेवाला गृहस्थ, हातात पुस्तक, चेहऱ्यावर अतिशय समाधान. खोलीत मघापासून कोंडलेले हसू तिथे फुटले. सुधा सर्वांत जास्त हसली.

मी गुप्ताजींसमोर खुर्ची ओढली. निदान आता तरी रीतसर विचारावे. "गुप्ताजी, उस बुढ़िया के बारे में कुछ बताइए।"

"आप ही बोल दीजिए साब, हम हाँ कर देंगे।"

तीस वर्षांत नियमाचे सार मला कोणी इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते. मी तोंड मिटले. चिवडा खाल्ला. ओठांवर तीन उत्तम प्रश्न आले होते, ते शेंगदाण्यांबरोबर गिळले. गुप्ताजींनी बशी खाली ठेवली, चहा घेतला, मग आपणहून म्हणाले, "पुरानी वाली दिखाओ ज़रा।"

प्रकाशने धुरकट क्लिप लावली. गुप्ताजी पुढे वाकले.

"अरे, ये तो अपना टेबल फैन है।"

"कोणता फैन?" प्रकाशने विचारले.

"दुकान वाला। कैसेट हमने ही बनाई थी ना, कैमरा स्टूल पे रख के, मशीन के सामने। पीछे फैन घूमता था, उसकी परछाईं काँच पे। बाकी सीन में उजाला है, दिखता नहीं। इसमें अँधेरा है।"

काचेवरचे प्रतिबिंब. जाळी. गोल. संथपणे इकडून तिकडे. माझे चौदा पानांचे सूप मान फिरवत वारा घालत होते.

"और ठंड में बंद रहता था," गुप्ताजी आठवत म्हणाले. "ठंड में तो पाँचवाँ सब पार कर लेते थे। तुम गर्मी की छुट्टी में ही आते थे ना?"

प्रकाशने क्लिप थांबवली. "शाळा असली की बाबा सोडतच नव्हते," तो म्हणाला. "म्हणजे मी इतकी वर्षं पंख्याच्या मागे दांडी फिरवून राहिलो होतो?"

"फैन मत देखो अब। बुढ़िया को देखो।"

त्याने माझी क्लिप काढून टाकली, कॅसेटवरची जुनी, धुरकट क्लिप बसवली आणि पुन्हा सुरुवात केली. पाचव्या दारात पंख्याचे प्रतिबिंब एका बाजूला सरकले की क्षणभर म्हातारीचा हात दिसे. रिकामा. एक बोट पुढे. डावीकडे. मग वर. मग उजवीकडे. दार उघडले.

सहाव्या दारातून एक रेडा आला आणि शिपायाला तुडवून गेला. प्रकाशने दोन्ही हात वर केले. "मरू द्या त्याला. सहाव्यात मेला ना."

गुप्ताजींनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबाश, छह नंबर।"

माझ्या लेखाचे काय झाले, असे विचारू नका. सुधाने तो परत केला तेव्हा समासात एकही खूण नव्हती. पण त्याच आठवड्यात तिने टेबल आवरले आणि तिच्या हाती माझी वही लागली. माहितीदार क्रमांक दोन. तिने तेही शांतपणे वाचले आणि वही जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो. वाढदिवसानंतर तिने शंकरपाळे केले होते, हे मला नक्की ठाऊक होते. फडताळात स्टीलचा डबा होता.

"अगं, ऐकलेस का? या डब्यात शंकरपाळे आहेत ना?"

"मी काहून सांगू?" ती पाठमोरीच म्हणाली. "माझं निरीक्षण वरवरचं आहे. तुमचं तुम्हीच बघा."

मी झाकण उघडले. डबा रिकामा होता. या वेळी मी तसेच लिहून घेतले.