दोरीच्या अलीकडचे बाप

मला हळू बोलता येत नाही. हा काही स्वभाव नाही, धंद्याचा परिणाम आहे. इकडे गुजरातेत, बमरोलीतल्या कापडाच्या लूमच्या खात्यात निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज घरी आला तरी खात्यातलाच राहतो. मी नुसतं पाणी मागितलं तरी शेजारीण डोकावून विचारते, भांडण झालं का म्हणून. बायको म्हणते, "तुमनं बोलनं कतारगामपावत आयकू जास." मी म्हणतो, शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ दे, फुकट जातंय.

हा आवाज घेऊन मी मुलीच्या शाळेतल्या स्काउट-गाइडच्या पालकसभेला गेलो. पथकाच्या बाई गुजराती. त्यांनी आमच्यासाठी हिंदीत सांगितलं की, गणवेश घेऊन दिला आणि फी भरली म्हणजे आईबापांचं काम संपत नाही. कुणीतरी पाणी आणायला हवं, कुणीतरी तंबू शिवायला हवेत, शिबिराला सोबत यायला हवं. सगळे पालक जमिनीकडे बघायला लागले. मला ते सहन झालं नाही. मी उभा राहून म्हणालो, "मी येतो!" अख्खा हॉल दचकून मागे वळला. माझी लेक बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तिच्या बुटाला नाडी नव्हतीच.

तेव्हापासून आमचे रविवार पथकाचे झाले. मी स्कूटरवर पाण्याचे मोठे कॅन आणायचो. बायको घरी साड्यांना लेस लावते, त्याच मशीनवर तिने पथकाचा एक फाटका तंबू शिवून दिला. ठिगळ चांगलं मजबूत लावलं, पण तिला राहवलं नाही. ठिगळाच्या कडेने तिने उरलेली सोनेरी लेस फिरवली. मी म्हटलं, हा तंबू आहे, नवरी नाही. बाई मात्र हसत सुटल्या आणि म्हणाल्या, राहू द्या, आपला तंबू लांबूनच ओळखू येईल.

सगळं छान चाललं होतं. पण समोर पोर दोरी चुकीची बांधतंय आणि आपण गप्प उभं राहायचं, हे मला काही जमेना. एका रविवारी मुली तंबू उभारायला शिकत होत्या. दोन टोळ्या शेजारी शेजारी होत्या. माझ्या लेकीच्या टोळीची एक दोरी सैल दिसली, तसा मी मैदानाच्या या टोकावरून ओरडलो, "अगं, डावी ओढ, डावी!" तिच्या टोळीने ओढली. शेजारच्या टोळीनेही ओढली. दोन्ही तंबू एकदमच आडवे झाले, आणि आतून मुलींच्या किंकाळ्या आणि हसणं ऐकू यायला लागलं. मीही हसलो. फक्त एकच मुलगी हसत नव्हती.

स्कूटरवरून घरी येताना ती रिकामा कॅन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून बसली. एरवी ती माझ्याशी मराठीत बोलते, मैत्रिणींशी गुजरातीत, आणि फार रागावली की आजीच्या अहिराणीत. त्या दिवशी दारातच तिने अहिराणी काढली. "शिबिरले या. पन तठे एक शब्दबी बोलानं नही. बोलनात तर मी स्काउट सोडी दिसू."

ही तीच मुलगी, जी आधी कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी जायला घाबरायची. स्काउटात गेली आणि वर्षभरात तिने शिट्टीवर मुली रांगेत उभ्या करायला सुरुवात केली. आता तर ती टोळीची नायक झाली होती, आणि शिबिरातली तंबूची स्पर्धा ही तिची नायक म्हणून पहिलीच परीक्षा होती. आणि ही मुलगी बोलते ते करते, त्या बाबतीत माझ्यावरच गेली आहे. माझ्या एका आरोळीमुळे तिने हे सोडलं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. मी तिथेच कानाला खडा लावला.

शिबिर तापीच्या पलीकडे एका आंब्याच्या वाडीत होतं. थंडीचे दिवस, वारा बोचरा. आम्ही आईबाप पहाटेच पोचलो होतो. पाणी भरलं, चुली मांडल्या, कांदे चिरले. माझ्यासोबत माझ्या शेजारच्या लूमवरचा कारीगर होता. तो आमच्याच गल्लीत राहतो आणि त्याची मुलगीही माझ्या लेकीच्याच टोळीत. स्पर्धेच्या आधी बाईंनी मैदानाच्या कडेने एक दोरी बांधली आणि आम्हा बापांना तिच्या मागे उभं केलं. "पापा लोग, एक शब्द भी बोले तो मार्क कटेंगे." असं म्हणताना त्या माझ्याकडेच का बघत होत्या, कोण जाणे.

शिट्टी वाजली. मुली धावल्या. माझ्या लेकीने लेस लावलेला तंबूच उचलला, ते पाहून मला आतून भरून आलं. खांब उभे राहिले, दोऱ्या ताणल्या गेल्या, सगळं झकास. आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. मागच्या बाजूची एक खुंटी जमिनीतून निम्मी वर आली. मुली सगळ्या पुढच्या बाजूला. कुणालाच दिसलं नाही. मला दिसलं. शेजारच्या कारीगराने माझा दंड पकडला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, "आरे भो, ती खुंटी ढिली शे." मला का माहीत नव्हतं! आवाज गळ्यापर्यंत आला होता. मी दात आवळून तोंड मिटलं.

तोंड मिटलं, पण हात कुणी बांधले होते? लूमच्या खात्यात एवढा खडखडाट असतो की शेजारी उभ्या माणसाची हाकही ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. ओडिशाचा असो, यूपीचा असो, नाहीतर आमच्या खानदेशातला, खात्यात सगळ्यांची भाषा एकच. अंगठा आणि बोट चोळलं की धागा तुटला. मग बोटाने दाखवायचं, कुठे. माझी लेक लहानपणी आईबरोबर माझा डबा घेऊन खात्यात यायची, तेव्हापासून तिला हे इशारे पाठ आहेत. माझा हात आपोआप वर गेला. अंगठा आणि बोट चोळलं, मग मागच्या कोपऱ्याकडे बोट. धागा तुटला, मागे, डावीकडे.

लेकीने पाहिलं आणि मागे धावली. मला वाटलं, सुटलो. पण शेजारच्या कारीगरानेही हात वर केला होता. तो तिला दुसराच कोपरा दाखवत होता. त्याच्यापलीकडचा ओडिया बाप आपल्या मुलीला खुणेने सांगत होता, ताण कमी कर. बघता बघता दोरीमागचे निम्मे बाप, सगळे लूमवरचेच, हातवारे करायला लागले. कुणी मूठ वळून थांब म्हणतोय, कुणी हात फिरवून चालू दे म्हणतोय. आवाज मात्र चिटपाखराचा नाही. बाई आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांना काहीतरी गडबड आहे एवढं कळत होतं, पण शब्द तर कुणाचाच ऐकू आला नव्हता. मुलांना मात्र सगळं कळत होतं, आणि तेच वाईट झालं. पोरं तंबू सोडून आपापल्या बापांकडे बघत उभी राहिली. माझ्या लेकीची टोळीसुद्धा.

मग माझ्या लेकीने काय केलं? ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोरीच्या पलीकडे. आता ही गळ्यातला स्कार्फ काढून माझ्या हातात देते, असंच मला वाटलं. तिने हात छातीवर ठेवला, मग मागे तंबूकडे दाखवला, मग अंगठा ओठांपाशी नेला.

खात्यात एखाद्याला जरा बाहेर जायचं असलं की शेजारचा कारीगर त्याला ही खूण करतो. तुझी मशीन आता माझ्याकडे, तू चहा पिऊन ये.

शेजारचा कारीगर फस्सकन हसला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, काय करावं कळेना. मी हात खाली घेतला आणि चुलीकडे चालायला लागलो. माझं बघून तोही निघाला, मग ओडिया बाप, मग बाकीचे. दोरीमागे कुणीच उरलं नाही. मागून वारा आल्याचा आवाज आला, कापड फडफडलं, कुणीतरी "पकड, पकड!" म्हणालं. खात्यात मशीन दुसऱ्याच्या हवाली केली की मागे वळून बघत नाहीत. तो त्या माणसाचा अपमान असतो. मी सरळ चुलीपाशी जाऊन बसलो आणि बायकोकडे चहा मागितला. फार हळू मागितला असणार, कारण तिने दोनदा "काय?" विचारलं.

बऱ्याच वेळाने लेक आली. कोपरापर्यंत माती, केसांत गवत. तंबू उभा राहिला होता, नंबर दुसऱ्याच टोळीचा आला होता, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती माझ्याशेजारी बसली, माझ्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

"पप्पा, तुम्ही एकदापण वळून पाहिलं नाही," ती म्हणाली. "मी बघत होते."

"टोळीच्या नायकाने तंबूकडे बघायचं की बापाकडे?"

"दोन्हीकडे," ती म्हणाली आणि रिकामा ग्लास माझ्या हातात देऊन परत धावत गेली.