भागामावशीचा आवळा

भागामावशीला स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये सगळे भ्यायचे, आणि त्यात तिचा नवरा मारोतराव पहिला. प्लांटच्या टाइम ऑफिसात हा गृहस्थ शेकडो माणसांची हजेरी घ्यायचा. घरी स्वतःची द्यायचा.

लग्न होऊन उमरेडहून आली त्या वर्षी मावशीनं क्वार्टरमागच्या मैदानात आवळा लावला. झाड मोठं झालं तसं कार्तिकातल्या नवमीला आजूबाजूच्या मराठी घरांचं आवळीभोजन त्याखाली होऊ लागलं. आधी झाडाची पूजा, मग जेवण. पळसाची पानं दुर्गच्या बाजारातून यायची, पत्रावळी घरीच लावायच्या. खरकट्या पत्रावळी गाईंना, हात धुतलेलं पाणी झाडाला. मागे काही उरायचं नाही, मावशीच्या बोलण्याशिवाय.

सत्त्याऐंशी साली तिथल्या मराठी मंडळाला शामसुंदर नावाचा नवा सचिव मिळाला. ऑफिसर माणूस. त्याचा निसर्गाला विरोध नव्हता, फक्त निसर्ग पंख्याखाली असावा असं त्याचं मत होतं. त्यानं जाहीर केलं : यंदा भोजन क्लबच्या हॉलमध्ये, कागदी प्लेटांत. पूजेला आवळ्याची फांदी बादलीत उभी करू. मैदानात बॅडमिंटन कोर्ट होणार, झाड मधे येतं, तोडायची परवानगी मिळालेली आहे. लोक हॉलमध्ये असतील, म्हणजे बोंबाबोंब नको, म्हणून तोडायचा दिवसही नवमीचाच.

“झाड कसं हॉलमध्ये येईन, शामसुंदरजी? त्याले का पाय हायेत?” मावशीनं विचारलं.

“काकू, फांदी प्रतीकात्मक असते.”

“मंग जेवणही तसंच द्या. प्लेटीवर पुरणपोळीचं चित्र काढून.”

नवमीच्या सकाळी तिनं बुंध्याजवळ तीन विटांची चूल मांडली. पाटा-वरवंटाही मारोतरावांकडून उचलून आणवला. बुंध्याला हळदकुंकू लागलं, सूत गुंडाळलं. बाकी मैदान रिकामं.

“लोक हासून राह्यले आपल्याले,” मारोतराव म्हणाले.

“हासू द्या. तुम्ही वांगे चिरा.”

थोड्या वेळात जवळच्या गावचा टिकाराम खांद्यावर कुऱ्हाड टाकून आला. मागोमाग बादली घेतलेला शामसुंदर.

“पहले एक अच्छी डाल काटो, फिर पूरा पेड़.”

टिकारामनं सूत पाहिलं, कुंकू पाहिलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. “आज तो अंवरा नवमी हे, साहब. मोर घरवाली गाँव में इही झाड़ पूजत होही. आज मैं टंगिया नइ चलावँव.”

“तो कल काटो.”

“कल के बात कल.”

“उद्याचं मी सांगतो,” मावशी चटणी वाटता वाटता म्हणाली. “हा पाटा आता हितून हालत नाही. रोजच्या मिरच्या हितंच वाटीन. कुऱ्हाड चालवाची असन तं आधी मले उठवा. तिखटाचे हात हायेत, डोळ्यात गेलं तं माह्याकडे येऊ नका.”

आणि तिनं पहिली पत्रावळ टिकारामपुढे मांडली.

तिकडे हॉलमध्ये फांदीवाचून पूजा अडली होती, पूजेवाचून जेवण. वाट बघून कंटाळलेल्या बायका एकेक करत मैदानात आल्या. शेजारची कांताबाई तर हॉलमधलं वरणाचं पातेलंच उचलून घेऊन आली. पंगत बसली. शामसुंदर बादली धरून उभाच.

“उभे कावून?” मावशी म्हणाली. “रिकामीच हाय तं नळावरून भरून आना. हात धुवाले लागते.”

त्यानं आणली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पाटा हलला नाही. महिनाभर मैदानात मिरच्यांचा ठसका होता, आणि टिकाराम त्या बाजूला पुन्हा फिरकला नाही. कोर्ट झालं, पण सरकून. जाळीचं एक टोक आवळ्यालाच बांधावं लागलं. शामसुंदर जोरात मारायचा. शटल फांद्यांत अडकलं की तो पाट्याशी येऊन उभा राहायचा.

“काकू, काठी देता का?”

“राहू द्या ना,” मावशी वर न बघता म्हणायची. “झाडालेही खेळू द्या थोडं.”