माणसं काढणारा माणूस

“बसून घे. वाईट बोलणार हाय.”

आमचे मॅनेजर असं म्हणाले की नवा माणूस घाबरून त्यांच्या तोंडाकडं बघायचा. जुनी माणसं मात्र आधी त्यांच्या पायाकडं बघायची. पायानं स्टूल पुढं ओढून ते तळहातानं पुसलं, तर गोष्ट खरंच वाईट. नुसतं तोंडानं म्हटलं, तर मग “शर्टाची बटणं खालीवर लागल्यात तुझ्या” इथपासून “आज डब्यात परत दोडका हाय” इथपर्यंत काहीही असायचं.

नव्या पेठेतल्या साड्यांच्या दुकानात मी ब्लाउजपीस आणि फॉलच्या काउंटरला आहे. काउंटर जिन्याला लागून. माळ्यावर जाणारा-येणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोरून जातो, आणि वरचं बोलणं फळ्यांच्या फटीतून खाली येतं. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काय घरी ठेवून यायचे? तर त्या माळ्यावरच मॅनेजर माणसं काढायचे. माणूस ठेवायचं काम मोठ्या शेठचं, काढायचं यांचं. हार-तुरे एकाला आणि उष्टी-खरकटी दुसऱ्याला, हे सगळीकडं असंच असतं.

तुम्हीही कुठं ना कुठं नोकरी केली असेल, तेव्हा माणूस काढायच्या तऱ्हा तुम्हाला ठाऊक असतील. कुणी चार लोकांत पाणउतारा करतं, म्हणजे माणूस आपणहून जाईल. कुणी कामच देत नाही, नुसतं बसवून ठेवतं. कुणी म्हणतं, “सध्या या नका, फोन करतो,” आणि तो फोन काही येत नाही. मॅनेजरांना यातलं काहीच खपायचं नाही. पहिलं वाक्य कामाचं. “उद्यापासून तुला हितं काम न्हाय.” मग कारण, ते पण खरं. मग समोरचा जे काय बोलेल ते ऐकायचं. शिव्या दिल्या तर शिव्या. मध्ये बोलायचं नाही.

ही अक्कल त्यांना जन्मतः नव्हती. मॅनेजर झाल्यावर पहिल्यांदा माणूस काढायची वेळ आली तेव्हा त्यांना बोलवेना. म्हणून त्यांनी त्या गड्याची तारीफ सुरू केली. तुझा हात गोड हाय, तुझ्यासारखा माणूस या दुकानात अडकून पडायला नको, तू लई पुढं जाशील, असं बरंच काही. दुसऱ्या दिवशी गडी नवा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात हजर. त्याला वाटलं, बढती मिळाली.

“त्याचा पेढा माझ्या तोंडात, आणि मी त्याला परत काढायलोय,” ते मला सांगायचे. “एका माणसाला दोनदा काढलं मी, पोरी. त्यो घास अजून उतरला न्हाय.”

मी हसायचे. हसण्यासारखंच होतं ते. पण ते सांगताना मॅनेजर कधी हसले नाहीत.

धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले तेव्हा त्यांनी दुकानाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. एकदा त्यांचं एका सेल्समनशी बिनसलं. सकाळी आम्ही सगळ्यांनी फोन उघडला तर तो ग्रुपमध्ये नाही. धाकटे शेठ म्हणाले, “त्याला समजलं असेल. उगाच सीन कशाला?”

मॅनेजरांनी चप्पल घातली आणि रिक्षा करून त्या माणसाच्या घरी गेले. माणूस पोरांना शाळेत सोडून नुकता आला होता, आणि बायकोला काय सांगावं या विचारात दारातच उभा होता. मॅनेजरांनी त्याला तोंडानं सांगितलं, कारण सांगितलं, त्यानं जे ऐकवलं ते ऐकलं. परत आले आणि धाकट्या शेठसमोर स्टूल ओढलं. आम्ही माना खाली घालून घड्या घालत होतो, पण कान सगळ्यांचे तिकडंच.

“बसून घ्या शेठ. वाईट बोलणार हाय. माणूस ठेवताना तुमच्या वडलांनी त्याच्या हातात हात दिलावता. काढताना अंगठ्यानं फोन दाबून काढायचा न्हाय. तुमाला बोलवत नसंल तर मला सांगा, मी बोलतो. पन ह्ये न्हाय.”

धाकटे शेठ लालबुंद झाले. पण वाईट माणूस नाही तो. त्यानंतर ग्रुपमधून नाव काढायचं ते मॅनेजर माळ्यावरून खाली आल्यावरच.

आणखी एक त्यांची रीत होती. माणूस गेल्यावर दुसऱ्या सकाळी, उदबत्ती लावून झाली की ते आम्हाला गोळा करायचे. “अमुक आजपासून येणार न्हाईत. कारण कामाचं हाय, इमानाचं न्हाय. कुनी विचारलं तर एवढंच सांगायचं, वर फोडणी द्यायची न्हाय.” शेवटचं वाक्य म्हणताना ते माझ्याकडं बघायचे. आता माझं तोंड जरा चालतं, हे मी कशाला नाकारू? पण पेठेची तऱ्हाही त्यांना माहीत होती. इथं माणूस सुटला म्हटलं की लोक आधी विचारतात, काय उचललं?

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय, की पुढं तात्यांचं काय झालं ते तुम्हाला नीट कळावं.

तात्या आमचे सगळ्यात जुने सेल्समन. ते आणि मॅनेजर दोघंही मंद्रूपचे. एकाच आळीत वाढले, एकाच दिवशी या दुकानात लागले, रोज सकाळी एकाच एस.टी.नं यायचे. मॅनेजर पुढं मॅनेजर झाले, तात्या साड्या दाखवायच्या गादीवरच राहिले, पण दोघांचं अरे-तुरे काही सुटलं नाही. अक्कलकोटकडच्या बायका आल्या की तात्या कन्नडमध्ये सुरू व्हायचे आणि एक साडी घ्यायला आलेली बाई तीन घेऊन जायची. मॅनेजर म्हणायचे, “ह्यो बोलायला लागला की मला पन साडी घ्यावी वाटती.”

मग तात्या विसरायला लागले. आधी भाव. मग दाखवलेलीच साडी पुन्हा दाखवायची. बाई म्हणायची, “अहो, ही आत्ताच बघितली की,” आणि तात्या हसून वेळ मारून न्यायचे. आम्ही सांभाळून घेत होतो. मॅनेजरांनी त्यांना वर घड्या घालायला बसवलं, तर ते आपोआप खाली येऊन गादीवर बसायचे.

लग्नसराईत एका दिवशी दोन घरांचे बस्ते होते. तात्यांनी त्यातल्या टेंभुर्णीकरांच्या गठ्ठ्यात दुसऱ्याच नवरीचा शालू बांधला. ते हळदीच्या दिवशी गठ्ठा उघडल्यावर कळलं. नवरीचा मामा जीप काढून दुकानात आला आणि भर गर्दीत तात्यांना नको नको ते बोलला. तात्या हात जोडून उभे होते. आपण काय केलं तेच त्यांना आठवत नव्हतं, आणि तरी ते माफी मागत होते. मॅनेजरांनी मध्ये पडून सगळं निस्तरलं, शालू पोचवला. संध्याकाळी धाकटे शेठ हळूच म्हणाले, “काका, आता काहीतरी करायला पाहिजे.”

“करतो,” मॅनेजर म्हणाले. “तुमी बोलू नका त्याला. मी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायच्या आधी दोघं माळ्यावर गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

“बसून घे. वाईट बोलणार हाय.”

“बोल की. एवढं तोंड का पाडलंयस?”

“उद्यापासून तू दुकानात यायचं न्हाय. तुला आता ध्यानात ऱ्हाईना, काम व्हईना. हे मी ठरवलंय, शेठनं न्हाय. उद्या परत घोळ झाला तर कुनीतरी चार लोकांत तुला बोलंल, आन् ते मला बघवणार न्हाय.”

मग तात्यांचा आवाज आला, रडवेला. “लई दिस झालं वाटतं तुला?”

“व्हय.”

“मग आधी का न्हाय बोललास?”

तात्या खाली आले, डोळे पुसत. आम्हा प्रत्येकाला हात जोडले. मोठ्या शेठच्या पाया पडायला निघाले तर शेठनीच त्यांना मिठीत घेतलं. माझ्या मनात आलं, काढावं तर असं. जीव तुटतो, पण माणूस ताठ मानेनं बाहेर पडतो.

दुसऱ्या सकाळी मॅनेजर दुकानात आले आणि त्यांच्या मागून तात्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डब्याची पिशवी. येऊन गादीवर बसले आणि मला म्हणाले, “काय म्हणतंय दुकान?”

मी मॅनेजरांकडं बघितलं.

मॅनेजर त्यांना वर घेऊन गेले. परत स्टूल ओढलं. परत तेच. “बोल की. एवढं तोंड का पाडलंयस?” मग तेच वाक्य, तेच रडणं. आणि तोच सवाल, “मग आधी का न्हाय बोललास?” माझ्या हातातला फॉल मी नुसताच गुंडाळत आणि सोडत राहिले.

त्यानंतर तात्या आले नाहीत, पण मॅनेजरांना उशीर व्हायला लागला. रोजची बस चुकायची, पुढच्या बसनं यायचे. एकदा जेवताना मी विचारलंच. काका, घरी बरं आहे ना?

“त्यो रोज स्टँडवर येतोय,” ते म्हणाले. “आवरून, डबा घिऊन. घरचे अडवतात तर भांडतो त्यांच्याशी. मग मी त्याला झाडाखाली बसवून सांगायचो. रोज नव्यानं ऐकायचा. रोज तसाच रडायचा.”

“मग आता?”

भाकरीचा तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला.

“आता म्हणतो, आज दुकानाला सुट्टी हाय. ‘बरं झालं की,’ म्हणतो आन् जातो घरला.”

त्या पेढ्यानंतर हा माणूस कुणाला काढताना कधी एक गोड शब्द खोटा बोलला नव्हता. एरवी मी टोमणा मारला असता. पण ते माझ्याकडं असे बघत होते, की जणू मी आता त्यांना रागावणार आहे.

“सरळ बोलायचं ते कशापायी?” ते म्हणाले. “मानसानं एकदाच रडावं म्हणून. ह्यो रोज रडायलाय. मग त्या सरळ बोलण्याला काय करू मी?”

यावर तुम्हाला काही सुचलं तर बघा.

तेव्हापासून ते रोज उशिरा यायचे आणि धाकटे शेठ घड्याळाकडं न बघायला शिकले. मॅनेजर बाकी होते तसेच होते. मधल्या काळात त्यांनी आणखी एकाला काढलं, तेही पहिल्या वाक्यात, सरळ.

गेल्या हिवाळ्यात मॅनेजर गेले. सकाळी स्टँडवर निघायचं म्हणून शर्ट घालत होते, तिथंच कोसळले. फोन आला तेव्हा आम्ही दुकान उघडत होतो. मोठ्या शेठनी वर चाललेलं शटर तसंच खाली ओढायला लावलं आणि आम्ही सगळे जीपनं मंद्रूपला गेलो.

अंगणात गडीमाणसं तयारीला लागली होती. आत बायका रडत होत्या. मला आत जायचा धीर होईना, म्हणून मी दाराशी उभी होते. तेवढ्यात तात्या आले. इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. गर्दीतनं वाट काढत, सगळ्यांना नमस्कार करत ते पायरीपर्यंत पोचले. कुणी त्यांना अडवलं नाही. सांगायचं कुणी आणि काय, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो आत होता.

मला बघून ते थबकले. “तुमी हितं कशा? दुकान कोन बघायलंय?”

मी म्हटलं, “आज दुकानाला सुट्टी आहे, तात्या.”

आणि त्या दिवशी ती खरंच होती.

“आसं व्हय? मला बोलला न्हाय त्यो.” ते दाराशी वाकले आणि आत बघत, रोजच्या आवाजात म्हणाले, “आरं, सुट्टी हाय म्हनं आज. आवरू नगं. ये भाईर.”

आतलं रडणं एकदम थांबलं. तात्या जरा वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग पायरीवर टेकले, डब्याची पिशवी मांडीवर घेतली, आणि थोडं सरकून शेजारी एका माणसाची जागा केली.