पोटरीतला पापुद्रा

तेव्हा माझं पोस्टिंग सरहद्दीवरच्या एका बर्फाळ चौकीवर होतं. मी हवालदार. आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. चामराजपुरमच्या घरात मराठी चालायची, भांडण रंगलं की कन्नड. पणजोबांचं एक वाक्य घरात अजून ऐकू येतं: पट्टी घट्ट, तर पाय घट्ट.

चौकीवर काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहायचं, मग चहा, मग खालून रॉकेल आणि राशन चढवायचं. एका दुपारी चढणीवर दगड सुटला आणि माझी पोटरी त्याखाली चेपली. हाड शाबूत, कातडी शाबूत. मी खूश. खानदानी पद्धतीने क्रेप बँडेज करकचून आवळलं, बूट कसला आणि वर आलो.

संध्याकाळी पोटरी लाकडासारखी टणक झाली. आमचा नर्सिंग असिस्टंट नायक बसवराजू, म्हैसूरजवळच्या मंड्याचा. त्याने माझ्या पायाचा अंगठा जरासा वर वाकवला. मी किंचाळलो. त्याने कात्रीने बुटाची नाडी आणि बँडेज कापलं.

“कुणी बांधलं हे?”

“मीच. आमचे पणजोबा...”

“पाय गेला तर पणजोबा देणार का, हवालदारसाहेब?”

त्याने रेडिओ उचलला. “बेस, चार्ली चौकीवरून बोलतोय. वन कॅज्युअल्टी. पोटरी टणक, बोटं बधिर होतायत. सर्जन तयार ठेवा. ओव्हर.”

“चार्ली, ढग आहेत. हेलिकॉप्टर नाही. ओव्हर.”

“उचलून आणतो. आउट.”

चौघांनी स्ट्रेचर उचललं. प्रत्येक वळणावर बसवराजू विचारायचा, “नोवु इद्या?” दुखतंय का? मी शिव्या हासडायचो.

“ओळ्ळेदु,” तो म्हणायचा. बरं आहे. दुखायचं थांबलं की पाय हातचा जातो, हे त्याला ठाऊक होतं. मी मात्र त्याला निर्दय समजत होतो.

खाली सर्जन मेजरनी पोटरीला दोन लांब चिरा दिल्या. नंतर समजावून सांगितलं, “मटणावर पांढरा पापुद्रा बघितलाय? तो फॅशिया. प्रत्येक स्नायूला धरून ठेवतो. आत सूज आली तरी तो ताणला जात नाही, मग रक्त कोंडतं. म्हणून उघडला. आणखी उशीर झाला असता, तर पाय कापला असता.”

पुढच्या हिवाळ्यात बसवराजू दुसऱ्या एका आजारी जवानाला आणायला निघाला आणि कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडला गेला. मला फार रडू आलं, आणि मी रडलो.

आता मी म्हैसूरला कुवेंपुनगरात राहतो, सुखात आहे. हल्ली तळव्याचा फॅशिया कुरकुरतो. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत कळ येते. फिजिओने पाण्याची बाटली पायाखाली फिरवायला सांगितलीय. ती फिरवताना बायको हसते, “काय हो, सगळा फॅशिया तुमच्याच वाट्याला आला की! नोवु इद्या?”

“इदे,” मी म्हणतो. आहे.

मग तिला ऐकू जाणार नाही असं, बसवराजूच्या वतीने, मीच म्हणतो, “ओळ्ळेदु.” आणि दोन्ही पायांवर उभा राहतो.